खाडीचा गाळ आणि पाऱ्याचा इतिहास: आकडा सगळ्यात शेवटी वाचायचा

सोलापुरात राहून खाडीच्या गाळावर काम करायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, इथे कुठे समुद्र आलाय? समुद्र नाही, हे खरं. पण हत्तरसंग-कुडलला सीना भीमेत मिसळते, भीमा पुढे कृष्णेला मिळते आणि कृष्णा हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात उतरते. आपल्या शिवारातून वाहून गेलेली माती वाटेतल्या धरणांतून सुटलीच, तर शेवटी एका खाडीतच जाऊन बसते. दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी आणि उल्हासचं मुख सिद्धेश्वर एक्स्प्रेसने एका रात्रीच्या अंतरावर आहेत. तेव्हा पर्यावरणशास्त्र, रसायनशास्त्र किंवा भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने सोलापुरातून हा विषय घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त काम कोणत्या क्रमाने करायचं ते आधी पक्कं हवं.

या विषयात सगळ्यात जास्त घाई पाऱ्याच्या आकड्याची होते. नमुना आणला, यंत्रात घातला, आकडा आला, आलेख काढला. असा आलेख दिसायला छान असतो आणि त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही. थर कोणत्या सालचा, गाळ किती बारीक, तो किती वेगाने साचला आणि खेकड्यांनी तो किती उलथापालथा केला, ही चार उत्तरं हातात आल्याशिवाय पाऱ्याच्या आकड्याला अर्थ नाही.

पारा गाळात का टिकतो

नदीच्या पाण्यात पारा विरघळलेल्या रूपात फार थोडा असतो. बहुतेक सगळा चिकणमातीच्या बारीक कणांना आणि सेंद्रिय पदार्थाला चिकटून येतो. गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की हे कण एकमेकांना धरून गुठळ्या होतात आणि तळाला बसतात. खाली काही सेंटिमीटरवर ऑक्सिजन संपतो, सल्फेटवर जगणारे जिवाणू सल्फाइड तयार करतात आणि पारा त्या सल्फाइडला घट्ट धरून बसतो. लोह आणि मँगनीज गाळात वरखाली हिंडतात. पारा त्यांच्या मानाने जागचा फारसा हलत नाही, म्हणूनच त्याचा इतिहास थराथरातून वाचता येतो.

हेच जिवाणू, आणि लोहावर जगणारे काही, पाऱ्याचा थोडा भाग मिथाइल पाऱ्यात बदलतात. एकूण पाऱ्याच्या मानाने हा भाग बहुधा एखाद्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, पण माशांतून माणसापर्यंत पोचतो तो हाच. हे काम करणारी जनुकांची जोडी २०१३ मध्ये ओळखली गेली. मात्र मिथाइल पारा थरात जागच्या जागी बनतो आणि मोडतोही. त्याचा खोलीनुसार आलेख म्हणजे इतिहास नव्हे, तो आजचा जिवाणूंचा नकाशा आहे. इतिहास वाचायचा तो एकूण पाऱ्यावरून.

जगात असे इतिहास अनेक ठिकाणी वाचले गेलेत. स्लोव्हेनियातल्या इद्रियाची पाऱ्याची खाण १४९० पासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. तिचा पारा सोचा नदीने त्रिएस्तच्या आखातात नेला, आणि खाण बंद झाल्यावरही नदीकाठच्या जुन्या गाळातून तो येतच राहिला. कॅलिफोर्नियात सोनं वेगळं काढायला वापरलेला पारा सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या गाळात सापडतो. जपानमध्ये मिनामाताच्या कारखान्यातून १९३२ ते १९६८ या काळात पारा उपसागरात गेला आणि १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. पुढे २५ पीपीएमहून जास्त पारा असलेला गाळ उपसून आणि भराव घालून ५८ हेक्टर जमीन तयार करण्यात आली. गाळ उपसला की त्यातला इतिहासही जातो. तिथे तो जायलाच हवा होता.

आपल्याकडे कोकणपट्टीत मोठा स्रोत होता पाऱ्याच्या सेलवर चालणारे कॉस्टिक सोड्याचे कारखाने. या सेलमध्ये पाऱ्याचा थर ऋण ध्रुव म्हणून वापरतात. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की सोडियम पाऱ्यात विरघळतं, मग त्याची पाण्याशी गाठ पडून कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन बनतात, आणि पारा पुन्हा सेलमध्ये येतो. तत्त्वतः तो संपत नाही. प्रत्यक्षात सांडपाणी, मिठाचा चोथा आणि हायड्रोजन या तिन्ही वाटांनी निसटतो. उल्हासच्या खाडीच्या गाळात याच उद्योगाचा पारा सापडल्याचं प्रकाशित संशोधनात आहे. पर्यावरण संरक्षणासाठीच्या २००३ च्या उद्योग सनदेत हे सेल टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. गाळाच्या आलेखावर ही सालं पेन्सिलीने आधी खुणावून ठेवावीत. चढ-उतार तिथे जुळतात की नाही ते नंतर पाहायचं, जुळवून घ्यायचं नाही.

जागा

सगळा प्रकल्प जागेवर उभा राहतो किंवा पडतो. खाडीच्या धारेच्या कडेला कोर (नळी दाबून काढलेला गाळाचा उभा स्तंभ) घेऊ नये, कारण काठ ढासळतो आणि जुना गाळ नव्यावर येऊन पडतो. जहाजांसाठी गाळ काढलेला भाग आणि रेतीउपसा झालेला भाग तर अजिबात नको, तिथे मधली वर्षंच गायब असतात. तिवरांच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूची, भरतीचं पाणी संथपणे चढतं-उतरतं अशी सपाट चिखलाची जागा चांगली.

ओहोटीला जाऊन पृष्ठभाग नीट न्याहाळावा. बिळं दाट असतील, बिळाच्या तोंडाशी खालचा काळा-निळसर चिखल वर येऊन पडलेला असेल, तर ती जागा सोडावी. खेकड्याने ३० सेंमीवरून वर आणलेला तो चिखल म्हणजे काही दशकांपूर्वीचा पारा आजच्या पृष्ठभागावर. तिवराच्या मुळांच्या जाळ्यातही हाच त्रास: मुळं कुजली की पोकळी होते आणि वरचा गाळ आत उतरतो. गुळगुळीत, वर तपकिरी शेवाळाची पातळ साय आलेला, फारशी बिळं नसलेला चिखल मिळाला तर तिथे थांबावं. थोडीफार बिळं सगळीकडेच असतात, म्हणून एकाच कोरवर निष्कर्ष काढू नये. निदान दोन कोर शेजारी-शेजारी आणि एक कारखान्यांच्या प्रभावापासून लांबच्या खाडीतून घ्यावा.

परवानगी आधी. खारफुटीत पाय ठेवण्याआधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज करावा लागतो. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली आहे, तिथे तर नियम आणखी कडक. उत्तर यायला वेळ लागतो, तो वेळापत्रकात धरावा. आणि स्थानिक कोळी बांधवाला बरोबर घेतल्याशिवाय चिखलात उतरू नये. गमबूट चिखलात रुतून बसतात. घट्ट बसणारे जुने कापडी बूट आणि पाय टेकायला दोन रुंद फळ्या जास्त कामाच्या. उधाणाच्या दिवशी ओहोटी खोल जाते, त्यामुळे चिखल जास्त उघडा पडतो, पण पाणी परतही तितक्याच वेगाने चढतं. ओहोटी पूर्ण होण्याच्या दोन तास आधी पोचावं आणि पाणी फिरलं की आवरतं घ्यावं.

नळी आणि चकत्या

महागडं यंत्र लागत नाही. ११० मिमीची पीव्हीसी नळी, २ मीटरचा तुकडा, एवढ्यावर उत्तम कोर मिळतो. ६३ मिमीची नळी उचलायला हलकी म्हणून मोह होतो, तो आवरावा. हिशोब असा: मोठ्या नळीचा आतला व्यास साधारण १० सेंमी. कडेचा अर्धा सेंमी तासून टाकला की ९ सेंमी व्यासाची चकती राहते, म्हणजे सुमारे ६४ चौरस सेंमी. १ सेंमी जाडीच्या चकतीत कोरडा गाळ घनसेंमीला अर्धा ग्रॅम धरला तर ३२ ग्रॅम मिळतो. लहान नळीत तासल्यावर जेमतेम ९ ग्रॅम उरतो, आणि त्यातून कालमापन, कणांचा आकार, सेंद्रिय पदार्थ आणि पारा हे सगळं भागत नाही.

नळीची खालची कड बाहेरून कानशीने तिरकी करून घ्यावी. आतून तिरकी केली तर गाळ दाबला जातो. नळी सरळ उभी, न फिरवता, सावकाश दाबायची. हातोडा शक्यतो नको, ठोक्यांनी वरचा मऊ थर विस्कटतो. नळी आत गेल्यावर उपसण्याआधी दोन मापं घ्यायची: नळीच्या वरच्या तोंडापासून बाहेरच्या चिखलापर्यंत किती आणि आतल्या चिखलापर्यंत किती. बाहेर ५० सेंमी आणि आत ६२ सेंमी निघालं, तर आतला गाळ १२ सेंमी दबला आहे. हे माप विसरलं तर पुढे खोलीचा एकही आकडा खरा राहत नाही, आणि नंतर ते कशानेही परत मिळत नाही.

मग नळीत वरपर्यंत पाणी भरून, बोल्ट आवळला की फुगणारं रबरी बूच बसवायचं. या बुचानेच गाळ आत धरून राहतो. नळी पाण्याने काठोकाठ न भरता बूच लावलं तर आतली हवा ताणली जाते आणि उपसताना खालचा निम्मा कोर सटकतो. तिपाई आणि चेन-पुली असेल तर दोघांत काम होतं. नळीचं खालचं टोक चिखलातून बाहेर यायच्या आत हात घालून खालचं बूच बसवायचं.

कोर उभाच ठेवायचा. सोलापूरपर्यंत रात्रभराच्या प्रवासात रेल्वेच्या हादऱ्यांनी वरचे ४-५ सेंमी ढवळून एकजीव होतात, आणि सगळ्यात अलीकडची वर्षं नेमकी तिथेच असतात. म्हणून चकत्या किनाऱ्यावरच, त्याच दिवशी कापाव्यात. वरचं पाणी बारीक नळीने हळू काढून घ्यायचं, खालून बसेल अशी जाड प्लास्टिकची तबकडी दांड्याने वर ढकलायची आणि नळीच्या तोंडावर आलेला गाळ प्लास्टिकच्या किंवा सिरॅमिकच्या सुरीने कापायचा. पहिले ३० सेंमी १-१ सेंमीने, पुढे २-२ सेंमीने. १२० सेंमीच्या कोरच्या अशा ७५ चकत्या होतात. प्रत्येक चकतीची कड तासायची, कारण नळी आत जाताना वरचा गाळ भिंतीला माखत खाली नेते. वरच्या थरातला पारा जास्त असेल तर एवढ्याशा माखलेल्या गाळानेही खालच्या स्वच्छ थराचा आकडा फुगतो.

सुई काढून तोंड कापलेली १० मिलीची सिरिंज चकतीत टोचून ठरावीक घनफळाचा गाळ वेगळा घ्यावा, त्यावरून कोरडी घनता काढता येते. उरलेला गाळ दुहेरी पिशवीत. लेबल पेन्सिलीने कागदावर लिहून दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवायचं, मार्करची शाई बर्फाच्या पाण्यात पुसते. सगळं बर्फाच्या पेटीत.

वाळवणं, म्हणजे निम्मी गफलत

गाळ १०५ अंशांवर वाळवला की पाऱ्याचा काही भाग उडून जातो. म्हणून पाण्याचं प्रमाण काढायला एक छोटा भाग १०५ अंशांवर वाळवायचा आणि तो टाकून द्यायचा. पाऱ्यासाठीचा भाग फ्रीझ ड्रायरमध्ये (गोठवून वाळवणाऱ्या यंत्रात), आणि तो नसेल तर ४० अंशांखाली. पुस्तकात 'खोलीच्या तापमानाला वाळवा' असं लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक सोलापूरच्या मे महिन्यासाठी लिहिलेलं नाही. त्या दिवसांत पत्र्याच्या छताखालच्या खोलीचं तापमान चाळिशी सहज ओलांडतं. वाळवण डिसेंबर-जानेवारीत काढावं, किंवा थंड खोलीत सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये.

खोली कोणती, हेही पाहावं. कॉलेजच्या जुन्या प्रयोगशाळेत फुटलेल्या थर्मामीटरचा पारा फरशीच्या फटीत, टेबलाच्या खणात, सिंकच्या वळणात वर्षानुवर्षं असतो आणि त्याची वाफ सतत निघत राहते. उघड्यावर पसरलेला बारीक गाळ ती वाफ शोषतो. जिथे पाऱ्याचा वायुभारमापक टांगलेला आहे किंवा कधीकाळी होता, त्या खोलीत नमुने वाळवू नयेत.

कोकणच्या खाड्यांतला गाळ आपल्या काळ्या मातीचाच भाऊबंद आहे, दोन्ही बेसाल्टच्या झिजेतून आलेले. त्यात फुगणारी चिकणमाती भरपूर. पूर्ण वाळला की दगडासारखा ढेकूळ होतो. अर्धवट ओला असतानाच प्लास्टिकच्या चमच्याने फोडत राहावं. चाळणी करायची असेल तर कुटायच्या आधी करायची. कुटून मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेला गाळ बारीक दिसतो, पण ती बारकाई आपण तयार केलेली असते.

मिठाचा हिशोब बहुतेक जण विसरतात. १०० ग्रॅम ओल्या चिखलात ७० ग्रॅम पाणी असेल आणि त्यात हजारी ३० क्षार, तर वाळल्यावर उरलेल्या जवळपास ३२ ग्रॅममधले २ ग्रॅमहून जास्त नुसतं मीठ असतं. म्हणजे पाऱ्याचा आकडा सहा-सात टक्क्यांनी कमी दिसतो. वरच्या पातळ चिखलात पाणी जास्त, म्हणून मीठही जास्त, आणि खोटा उतार नेमका वरच्या टोकाला तयार होतो. 'पारा अलीकडे कमी झाला' असं लिहिण्याआधी ही दुरुस्ती करावी.

साल कसं काढायचं

मुख्य आधार शिसं-२१०, म्हणजे शिशाचा एक किरणोत्सारी प्रकार. जमिनीतल्या रेडियम-२२६ पासून रेडॉन वायू बनतो, त्याचा काही भाग हवेत निसटतो, तिथे त्याचं शिसं-२१० होतं आणि पावसाबरोबर खाली येऊन गाळात मिसळतं. त्याचं अर्धायुष्य २२.३ वर्षं. थर गाडला गेला की हे वरून आलेलं शिसं घटत जातं. गाळातल्या रेडियममुळे तिथेच बनणारं शिसं मात्र कायम राहतं, ते वजा करावं लागतं. उरलेलं वरून आलेलं शिसं खोलीबरोबर कसं घटतं ते पाहायचं. समजा दर १० सेंमीला ते निम्मं होतंय, तर १० सेंमी म्हणजे २२.३ वर्षं, म्हणजे वर्षाला साधारण साडेचार मिमी. पाच-सहा अर्धायुष्यांनंतर, म्हणजे ११० ते १३० वर्षांपलीकडे, काही हाती लागत नाही.

ही साधी रीत गाळ एकसारख्या वेगाने साचला असेल तरच चालते. धरणं, भराव, पूल झालेल्या खाडीत वेग बदललेला असतो. तिथे वरून येणाऱ्या शिशाचा पुरवठा स्थिर धरून प्रत्येक थराचा वेग वेगळा काढणारी, अ‍ॅपलबी आणि ओल्डफील्ड यांची १९७८ ची रीत वापरावी. तिला कोर खालपर्यंत पूर्ण हवा. तळ न लागलेल्या आखूड कोरवर ती खालच्या थरांना उगाच जुनं करते. आणि खोली सेंमीत न मोजता साचलेल्या कोरड्या वस्तुमानात मोजावी, म्हणजे दाबामुळे झालेली फसवणूक बरीच टळते.

मोजणी शुद्ध जर्मेनियमच्या गॅमा शोधकावर होते. शिसं-२१० ची रेषा ४६.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, सीझियम-१३७ ची ६६१.७ ला. रेडियमसाठी त्याच्या संततीच्या, म्हणजे रेडॉननंतर बनणाऱ्या मूलद्रव्यांच्या, ३५१.९ आणि ६०९.३ च्या रेषा वाचतात, म्हणून डबी हवाबंद करून निदान तीन आठवडे ठेवावी लागते. झाकणातून रेडॉन गळला की रेडियम कमी दिसतं आणि थर खरा आहे त्याहून तरुण वाटतो. ४६.५ ची रेषा इतकी दुबळी असते की गाळ स्वतःच ती गिळतो, त्याची दुरुस्ती प्रत्येक डबीला करायला हवी. एका नमुन्याला एक दिवस तरी लागतो. सगळ्या ७५ चकत्या मोजायला कोणी यंत्र देणार नाही, वीस-पंचवीस नीट निवडाव्यात. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा यांच्याकडे या कामाचा जुना अनुभव आहे. विनंतीचं पत्र कोर घेण्याआधी गेलेलं बरं.

शिशाने काढलेल्या सालाला दुसरा साक्षीदार हवाच. अणुचाचण्यांचं सीझियम-१३७ साधारण १९५० च्या दशकात गाळात दिसू लागतं आणि १९६३ ला शिखर गाठतं. पण त्याचं अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे त्या शिखरातला चौथा हिस्साच आज उरला आहे. शिवाय खाऱ्या पाण्यातले सोडियम-पोटॅशियम त्याला मातीवरून ढकलून हलवतात. शिखर स्पष्ट दिसलं तर उत्तम. पसरट दिसलं तर ओढूनताणून १९६३ ठरवू नये.

आणि सर्वांत वरच्या ५-१० सेंमीत शिसं-२१० चा आकडा सपाट, एकसारखा निघाला, तर तो थर जीवजंतूंनी घुसळलेला आहे. त्या भागात वर्षावर्षाचा इतिहास नाही, दहा-वीस वर्षांची सरासरी आहे. तसंच लिहावं.

पारा मोजताना

थेट पारा विश्लेषक मिळाला तर आम्लात उकळण्याची कटकट वाचते. ५०-१०० मिलिग्रॅम गाळ ऑक्सिजनच्या प्रवाहात तापतो, निघालेला पारा सोन्यावर धरला जातो, मग सोनं तापवून २५३.७ नॅनोमीटरवर शोषण मोजतात. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे जास्त पारा असलेल्या नमुन्यानंतर लगेच स्वच्छ नमुना घालणं. आधीचा पारा यंत्रात रेंगाळतो. म्हणून कोर खालून वर मोजत जावा, स्वच्छ थर आधी, आणि मध्ये नमुना ठेवायच्या छोट्या बोटी (तबकड्या) रिकाम्याच चालवाव्यात.

शीतबाष्प पद्धत असेल तर अम्लराजात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात) ९५ अंशांवर पाचन, मग पोटॅशियम परमँगनेट. जांभळा रंग निदान १५ मिनिटं टिकला पाहिजे. तिवराखालच्या गाळात सेंद्रिय पदार्थ इतका असतो की रंग पटकन उडतो. उडाला तर आणखी घालायचं, नाहीतर पारा पूर्ण मोकळा होत नाही. शेवटी हायड्रॉक्सिलअमाइनने रंग घालवून स्टॅनस क्लोराइड. दर दहा नमुन्यांमागे एक दुहेरी, एक कोरा (गाळ न घातलेला) आणि एक प्रमाणित गाळ, म्हणजे ज्यातला पारा आधीच नक्की माहीत आहे असा. प्रमाणित गाळ आपल्या पातळीचा हवा. मेस-३ मध्ये किलोला ०.०९१ मिलिग्रॅम पारा आहे, पॅक्स-२ मध्ये ३.०४. स्वच्छ खाडीच्या नमुन्यांसोबत नुसता पॅक्स-२ चालवून काहीच सिद्ध होत नाही.

आता आकडा वाचायचा

पहिली तुलना कशाशी, यावर सगळं ठरतं. बऱ्याच प्रबंधांत जगाच्या सरासरी शेलचा (चिकणमातीपासून बनलेल्या खडकाचा) किलोला ०.४ मिलिग्रॅम हा आकडा पार्श्वभूमी, म्हणजे नैसर्गिक पातळी, म्हणून घेतलेला असतो. बेसाल्टमध्ये पारा फार कमी असतो, त्यामुळे आपल्या खाड्यांना तो आकडा लावणं म्हणजे प्रदूषणावर पांघरूण घालणं. समजा कोरच्या तळाला ०.०४ आणि वर ०.३० आहे. शेलशी तुलना केली तर म्युलरचा भू-संचय निर्देशांक (पारा पार्श्वभूमीच्या मानाने किती वाढला ते सांगणारा) उणे १ येतो, म्हणजे 'प्रदूषण नाही'. त्याच कोरच्या तळाशी तुलना केली तर तो २.३ येतो, म्हणजे मध्यम ते तीव्र प्रदूषण. गाळ तोच, आकडे तेच. पार्श्वभूमी आपल्याच कोरच्या तळातून, शिसं-२१० संपलेल्या थरांतून घ्यावी.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये पारा कमी, यामागे एक सुंदर कारण सांगता येतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा बाहेर पडताना त्यातला पारा वायूबरोबर हवेत गेला. फ्रान्समधल्या बिडारच्या त्या काळच्या खडकात वाढलेला पारा सापडला आणि तो दख्खनच्या ज्वालामुखीची खूण मानला गेला. सोलापूरच्या पायाखालच्या खडकाचा पारा असा सातासमुद्रापार नोंदला गेला आहे.

दुसरी दुरुस्ती कणांची. बारीक गाळ जास्त पारा धरतो, म्हणून प्रत्येक थराचं पारा आणि अ‍ॅल्युमिनियमचं गुणोत्तर काढावं, आणि सेंद्रिय कर्बाशीही. वाळूच्या थरात पारा एकदम पडला आणि गुणोत्तर तसंच राहिलं, तर कारखाना बंद झालेला नाही, पूर आला होता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: प्रमाण नव्हे, आवक वाचायची. समजा जुन्या थरात ग्रॅमला ०.२५ मायक्रोग्रॅम पारा, गाळ वर्षाला ०.८ सेंमी साचत होता, घनता ०.६. आवक झाली वर्षाला चौरस सेंमीला ०.१२ मायक्रोग्रॅम. नव्या थरात पारा ०.५०, म्हणजे दुप्पट. पण वर धरण झालं आणि गाळ ०.४ सेंमीवर आला. आवक पुन्हा ०.१२ च. पारा वाढलेला नाही, त्याला पातळ करणारी माती कमी झाली. कृष्णेच्या मुखासारख्या, धरणांनी गाळ अडवलेल्या ठिकाणी हा हिशोब न करता काढलेला 'वाढता' आलेख सरळ दिशाभूल करतो.

कारखान्याचा पारा की कोळशाचा, हे एकूण आकड्यावरून सांगता येत नाही. खोलवर टोकदार शिखर आणि कारखान्यापासून लांब जाताना झपाट्याने घट, असं असेल तर जवळचा सांडपाण्याचा स्रोत. सगळ्या खाड्यांत, लांबच्या स्वच्छ खाडीतही, हळूहळू चढणारी रेघ असेल तर हवेतून आलेला. वायुरूप पारा हवेत अनेक महिने राहतो आणि जगभर फिरतो. खात्रीसाठी पाऱ्याच्या समस्थानिकांची मोजणी लागते, ती महाग आहे आणि पाच-सहा निवडक थरांपुरतीच करावी.

उजनीत हीच पद्धत

ज्यांना किनाऱ्यावर जाणं जमणार नाही त्यांना भीमेवरचं उजनी धरण आहे. पुण्या-पिंपरीचं सगळं पाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीवाटे भीमेत येऊन इथे थांबतं. इथल्या कोरला एक वरदान आहे: तळाला जुनी शेतजमीन लागते. मऊ, पाणीदार गाळ संपून दाट काळी माती, धसकटं, पांढरे चुनखडे दिसले की ती १९८० ची, पाणी अडल्याच्या काळाची रेघ. शिसं-२१० ला इतका भक्कम दुसरा साक्षीदार खाडीत सहसा मिळत नाही. पाणी गोडं असल्याने मिठाची दुरुस्तीही नको.

पण कडेच्या भागात कोर घेऊ नये. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे उपयुक्त साठा संपला, की तो गाळ उघडा पडतो, भेगाळतो, वरचा गाळ भेगांतून फूट-दीड फूट खाली उतरतो. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत जिथून ट्रॅक्टर भरून गाळ शेतात गेला तिथे तर थरच नाहीत. आसपासच्या जुन्या तलावांतही आधी गाळ कधी आणि कुठून उपसला याची गावात चौकशी करावी. पाणी सर्वांत कमी असतानाही न उघडणारा, जुन्या नदीपात्राच्या बाजूचा भाग निवडावा, आणि होडीतून कोर घ्यावा. वाळणं-भिजणं या फेऱ्यांत मिथाइल पारा जास्त बनतो, त्यामुळे मासेही तपासायचे तर नुसत्या चिलापीवर थांबू नये. ती शेवाळ-गाळ खाते, तिच्यात पारा तुलनेने कमी साठतो. मरळीसारखा मासे खाणारा मासा, लांबी आणि वजन नोंदवून, पाठीच्या मांसाचा तुकडा घेऊन तपासावा.